एका टेबलाचे मासिक

ल्युब्लियाना, २ मार्च १९६४

प्रिय आल्बिन,

खोकला उतरला का? डोंगरातल्या त्या दवाखान्यात रोज सकाळी दूध पाजतात, असे तू लिहिलेस. नाक मुरडत असशील, पण पी.

तुमच्या मासिकाच्या, 'क्रेसिलो'च्या, मार्च अंकाचे विचारलेस. अंक थांबलेला नाही, फक्त पुढे सरकत नाही. पहिले तीन फर्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस पाने, जुळवून झाले आहेत. मी ते दोनदा वाचले. म्हाताऱ्या जुळाऱ्याने, कोशिरने, शिशाच्या अक्षर-खिळ्यांना दोरा बांधून सगळे फळीवर ठेवले आहे आणि वर ओले फडके टाकले आहे. उरलेली हस्तलिखिते माझ्या खणात आहेत. कागद आला नाही, असे वरच्या मजल्यावरून सांगतात.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन प्रतींत पुढचे वाक्य नव्हते. कागद आला आहे. अंगणात उतरवताना मी पाहिला.

तुला माहीत आहे, यंदा छापखान्याच्या कामगार मंडळावर तरुणांसाठीच्या जागेवर मला बसवले आहे. मला वाटले होते, उपाहारगृहातल्या सुपाबद्दल बोलायचे, सुट्टीच्या याद्या करायच्या, एवढेच काम असेल. शनिवारी मंडळाचा अध्यक्ष फेर्यान माझ्या टेबलाशी आला. तो छपाईयंत्रावरचा आहे. हाताचे तेल पुसत उभा राहिला.

"लेनार्त, ते मासिक तू वाचतोस ना?"

"वाचतो. मुद्रिते तपासायची तर वाचावंच लागतं."

"कामाचं सोड रे. कळतं का काही?"

"बरंचसं कळतं."

"मला एक ओळ कळत नाही. आणि छापतो मीच. हे बरं आहे का, तूच सांग."

मी हसलो. तो वाईट माणूस नाही आणि बोलला ते अगदीच खोटेही नव्हते, म्हणून हसलो. पण तो गेल्यावर कोशिर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिला.

"पोरा, मी आजवर पाच मासिकं पुरली," तो म्हणाला. "राजाच्या काळात तीन. एक पाद्र्यांचं आणि उदारमतवाल्यांचं भांडण लागलं तेव्हा. एक आम्हीच गप्प केलं, लढाईत, शत्रूच्या पहाऱ्याखाली एक ओळ छापायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं म्हणून. पण पाचातलं एकही आजारानं गेलं नाही."

"आता कोण पुरणार? आता आपलंच राज्य आहे."

"तेच तर बघायचंय, आपली माणसं कसं करतात."

तू काळजी करू नकोस. मी मंडळावर आहे. काही झाले तर मी तिथे बसलेला असेन.

डिसेंबरात मी दिलेले गद्य, धाग्यासाठी जवसाचे देठ कुटायच्या दिवसांवरचे, वाचायला वेळ झाला नसेल. घाई नाही. खरेच नाही.

तुझा
लेनार्त


१६ मार्च

प्रिय आल्बिन,

वर्तमानपत्र तिथे एक दिवस उशिरा येते, तरी आता तू वाचले असशील. शुक्रवारी मंडळाने ठराव केला. आमच्या छापखान्याचे कामगार यापुढे 'क्रेसिलो' छापणार नाहीत. वरून कुणीही काहीही सांगितलेले नाही. तसे ठरावातच म्हटले आहे, पहिल्याच ओळीत.

मी हात वर केला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. सगळ्यांच्या नंतर केला, आणि कोपर टेबलावरच होते. हात मोजताना फेर्यान म्हणाला, "लेनार्त, हा हात आहे की कान खाजवतोयस?" सगळे हसले. मग मी नीट वर केला.

छापखान्याकडून खोली मिळावी हा माझा अर्ज मंडळापुढेच पडून आहे, हे तुला ठाऊक आहे. युस्तीनाबाईंच्या भाड्याच्या पोटमाळ्यावर मला उभे राहता येत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. पण सांगतो आहे म्हणजे कारण म्हणूनच सांगत असेन.

ठराव कुणी लिहिला, असे तू विचारशील. सही फेर्यानची आहे. 'जे मासिक एका टेबलाभोवती बसून वाचून संपते, त्यासाठी आम्ही यंत्रे कशाला फिरवायची?' हे वाक्य वर्तमानपत्राने मथळ्यावर चढवले. 'एका टेबलाचे मासिक.' परवा बसमध्ये दोन माणसे तेच बोलत होती. हे वाक्य कुठून आले, ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टी लोकांच्या तोंडी फिरत असतात.

तुला ते कसे वाटले? म्हणजे, नुसते वाक्य म्हणून.

बाहेर अजून धुके आहे. इतक्यात शहरात येऊ नकोस, छातीला बाधेल.

लेनार्त


७ एप्रिल

प्रिय आल्बिन,

'प्रिय' लिहायचा हक्क मला उरला आहे का, ते माहीत नाही. दुसरे काही लिहून पाहिले. प्रत्येक वेळी अर्जासारखे दिसले.

शनिवारी तू परत आल्याचे कळले. युस्तीनाबाईंनी ईस्टरचा पोतीत्सा, सारण भरलेला गोड पाव, केला होता, यंदा अक्रोड भरपूर. त्यातला मोठा तुकडा फडक्यात बांधून मी नदीकाठच्या कॅफेत आलो. तुम्ही सगळे खिडकीजवळच्या नेहमीच्या टेबलाशी होता. मला वाटले होते, तू ओरडशील. शिव्या देशील. त्याची मी तयारी केली होती.

तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "या, कॉम्रेड व्राबेत्स. कसे आहात तुम्ही?"

दोन वर्षांपूर्वी याच कॅफेत तू मला 'तू' म्हणायला लावलेस. त्स्विचेक वाईनचे पेले भरलेस, आपले हात एकमेकांत अडकवून रिकामे केलेस, गालांचे मुके घेतलेस आणि म्हणालास, "आता आल्बिन म्हणायचं. साहेब म्हणालास तर पेल्याचे पैसे तुझ्याकडून घेईन." गावात मी कुणा शिकलेल्या माणसाला 'तू' म्हटले नव्हते. घरी जाताना रस्त्यात मी तुझे नाव दोन-तीनदा पुटपुटून पाहिले होते.

"आल्बिन, मी फक्त…"

"पोतीत्सा का? वा. तुमच्या घरमालकीणबाईंच्या हाताला चव आहे. ठेवा इथे. टेबल एकच आहे, पण जागा होईल."

कुणी हसले नाही. मी पुडके ठेवले आणि निघालो. म्हणजे तुला माहीत आहे. अर्थात माहीत असणारच. ते वाक्य ऐकणारा मी एकटाच होतो.

त्याच पेल्याच्या संध्याकाळी तू बोलत होतास. आपल्या लोकांना राज्य नव्हते, सैन्य नव्हते, तेव्हा मासिके होती. दर वीस वर्षांनी कुणी तरी एक बंद करतो आणि तीच चार माणसे शेजारच्या कॅफेत दुसरे सुरू करतात, असे सांगत होतास. मग डोळे पुसत, हसत म्हणालास, "खरं सांगू, लेनार्त? जे लिहितात तेच वाचतात. आमचं मासिक एका टेबलाभोवती बसून वाचून संपेल. टपाल हाशील वाया!" तू आपल्याच घरातल्या माणसाची थट्टा करावी तसे म्हणालास. मला तू घरात घेतलेस, म्हणून माझ्यासमोर म्हणालास.

आता कसे झाले ते लिहितो.

फेर्यानने मला एक कागद दिला. "शुद्धलेखन बघ फक्त. मला ते जमत नाही, तुला ठाऊकच आहे." सबंध कागद म्हणजे एकच वाक्य होते, आणि त्याला क्रियापद नव्हते. मी क्रियापद घातले. मग वाक्य तोडले. 'कामगारवर्ग' पुन्हा पुन्हा आला होता, तो काही ठिकाणी काढला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी तुला तोंड दाखवू शकलो असतो. पण मी कागद पुन्हा वाचला आणि तो मला चांगला वाटला. स्वच्छ वाटला. फक्त शेवट लंगडा होता. त्या क्षणी मला तू आठवला नाहीस, आल्बिन. मासिकही आठवले नाही. फक्त शेवट आठवला.

माझ्या तीन गोष्टी तू परत केल्यास. दर वेळी कॉफी पाजून, खांद्यावर हात ठेवून. त्याचा राग मला नव्हता असे मी समजत होतो.

फेर्यानने वाचले आणि मला मिठी मारली. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी युस्तीनाबाईंनी वर्तमानपत्रातला मथळा मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "कुणी लिहिलंय कोण जाणे, पण काय लिहिलंय हो!" आणि मला आनंद झाला. सगळ्यांत लाजिरवाणे हेच आहे, म्हणून लिहितो. जिन्यात उभा राहून मी आनंदाने लाल झालो होतो. मी लिहिलेली एक ओळ छापून आली होती.

मी तुला 'तू'च लिहितो आहे. तुला ते चालत नसेल तर कळव.

लेनार्त


२१ एप्रिल

आल्बिन,

तू कळवले नाहीस.

आज वरून हुकूम आला की 'क्रेसिलो'चे खिळे मोकळे करा आणि हस्तलिखिते संपादकांकडे परत पाठवा. हस्तलिखिते लावून पुडके बांधायचे काम माझ्याकडेच आले. माझे गद्यही त्यात निघाले, कुणाच्या तरी लेखाच्या पानांत चुकून अडकून आलेले; खणात असूनही मी ते पाहिले नव्हते. समासात तुझ्या पेन्सिलीने, बहुधा तुझ्या सहसंपादकासाठी, लिहिले आहे: 'लेखन कच्चे आहे. माणूस सोन्यासारखा. पत्राने नको, दुखावेल. मीच भेटून सांगतो.'

मी ते पान पुडक्यातून काढलेले नाही. तुझ्याकडे पोचेल. पहिल्या वाक्याबद्दल मला काहीही वाटत नाही. ते खरेच असणार.

कोशिर दिवसभर एकेक खिळा उचलून पेटीतल्या त्या त्या अक्षराच्या घरात टाकत होता. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू नको." संध्याकाळी हात धुताना एवढेच म्हणाला, "आता सहा पुरली."

ले.


१९ मे

आल्बिन,

कालच्या सभेनंतर तू थेट निघून गेलास, म्हणून लिहितो.

संपादकांनी कामगारांना समोरासमोर भेटायचे ठरवले, हे कळल्यापासून मला झोप नव्हती. जेवणघरातली बाके ओळीने मांडली होती. कोबीचा वास तसाच होता. तू तपकिरी कोट घालून आला होतास, दवाखान्यापूर्वीचाच, आता खांद्यांवर मोठा झालेला. मी तिसऱ्या ओळीत होतो. ठरवून आलो होतो, उठायचे आणि सांगायचे. तोंडपाठ केले होते.

फेर्यान म्हणाला, "ठरावातला शब्द न् शब्द कामगारांनी स्वतः लिहिला आहे. वरून नाही, खालून नाही. आमच्या हातांनी."

तू शांतपणे म्हणालास, "बाकीचं असेल. ते टेबलाचं वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही."

आणि गलका झाला. बांधणीखात्यातल्या बायका उठल्या. "म्हणजे आम्हाला लिहिता येत नाही होय?" "आम्ही खिळे जुळवायचे, अक्कल तुमची!" "घाला चष्मा आणि बघा, आम्ही पण शाळेत गेलोय!" तुला तसे म्हणायचे नव्हते. ते फक्त मला कळले होते.

फेर्यानने हात वर करून सगळ्यांना बसवले. "मग कुणी लिहिलं? नाव घ्या, कॉम्रेड. घ्या ना नाव!"

तू माझ्याकडे पाहिलेस. रागाने नाही. दारात एखाद्यासाठी थांबावे तसे पाहिलेस. तू नाव घेतले असतेस तर तिथल्या तिथे सुटला असतास. तू घेतले नाहीस.

मी उठलो. सगळे वळले. फेर्यान म्हणाला, "बोल, लेनार्त, बोल."

आणि मी म्हणालो, "खिडकी उघडू का? कोंदट होतंय."

हसले सगळे. मी गेलो आणि खिडकी उघडली. ती घट्ट बसली होती, दोनदा ढकलावी लागली. परत वळलो तेव्हा तू टोपी घेत होतास.

आज वर्तमानपत्रात आले आहे की 'क्रेसिलो'च्या संपादकाने भर सभेत कामगारांचा अपमान केला. कामगाराला धड वाक्य लिहिता येत नाही, असे म्हटले. अशा शिक्षकाने मुलांना शिकवावे का, असा प्रश्नही विचारला आहे.

फेर्यान म्हणतो, ते वर्तमानपत्र मला दर पंधरवड्याला एक सदर देणार आहे. 'कामगाराच्या लेखणीतून.' त्याला मी अजून नाही म्हटलेले नाही. हो पण म्हटलेले नाही. मी असाच आहे, आल्बिन. आता तुला पुरते कळले.

लेनार्त


८ जून

आल्बिन,

उद्या दहा वाजता तुझ्या शाळेची समिती बसते आहे. तुझी नोकरी ठेवायची की नाही, ते ठरेल. मला साक्षीला बोलावले आहे, तुझ्याविरुद्ध. फेर्यानने जिन्यात गाठले.

"दोन वाक्यं बोलायची. ठराव आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. मदत कुणाची नाही. झालं. आणि ऐक, तुझ्या खोलीचं होतंय. शिश्का वस्तीतल्या नव्या इमारतीत. उंच छत!"

"फेर्यान, पण तुला माहीत आहे ना, ते वाक्य…"

"मला काय माहीत आहे? मी शुद्धलेखन बघायला दिलं होतं. तू शुद्धलेखन बघितलंस." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "लेका, बुडणाऱ्याबरोबर बुडून काय मिळतं? तो शिकलेला आहे, कुठेही पोट भरेल. तू?"

तो खरेच माझ्या काळजीने बोलत होता. म्हणूनच मी जिना उतरून गेलो.

उद्या मी खरे सांगायचे ठरवले आहे. पण मागच्या महिन्यातही ठरवलेच होते. माझ्या ठरवण्यावर तू भरवसा ठेवू नये, मी ठेवत नाही. म्हणून सोबतच्या कागदावर निवेदन लिहिले आहे. त्याचा मजकूर असा:

'मी, लेनार्त व्राबेत्स, मुद्रितशोधक, वय चोवीस, शिक्षण सातवीपर्यंत, असे लिहून देतो की मार्च महिन्यातल्या ठरावाचा मसुदा मी नीटनेटका केला आणि त्यातले टेबलाचे वाक्य मी घातले. ते वाक्य शिक्षक आल्बिन ओसोल्निक यांनी माझ्याशी खाजगीत, स्वतःच्या मासिकाची थट्टा म्हणून उच्चारले होते. ते मी त्यांना न विचारता त्यांच्याविरुद्ध वापरले. हे वाक्य कामगारांनी लिहिलेले नाही, असे ते अठरा मे रोजी म्हणाले, ते खरे होते. त्यांनी कुणाचाही अपमान केला नाही. माझे नाव त्यांना माहीत होते आणि ते त्यांनी घेतले नाही.'

साक्षीदार म्हणून सही करायला युस्तीनाबाईंना वर बोलावले. त्या पोटमाळ्यावर धापा टाकत आल्या आणि माझ्या खाटेवर बसल्या.

"यानं तुझी नवी खोली जाते ना?"

"जाते."

"नोकरी?"

"ती पण जाईल बहुतेक."

"हं. मी न वाचता सही करत नाही. माझा चष्मा खाली राहिलाय. तू वाच."

मी वाचायला लागलो. 'मी, लेनार्त व्राबेत्स' इथेच थांबलो. त्या म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्या वेळी टेबलाच्या वाक्यापर्यंत पोचलो. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. तो मथळा त्यांनीच मोठ्याने वाचला होता.

"तू होतास होय तो," त्या म्हणाल्या. "आणि जिन्यात माझ्यासमोर उभा राहून कौतुक ऐकत होतास."

"हो."

"पुन्हा वाच. पहिल्यापासून."

तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत गेलो. त्यांनी सही केली. दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "सकाळी लवकर ऊठ. कॉफी टाकते."

हे पाकीट आज संध्याकाळी तुझ्या आईच्या हातात देणार आहे, टपालाने पाठवणार नाही. तुझ्या हातात द्यायची हिंमत नाही. उद्या माझे नाव पुकारल्यावर मी बोललो, तर निवेदनाची गरज पडणार नाही, फाडून टाक. आवाज फुटला नाही, किंवा मी दुसरेच काही बडबडलो, तर तू उभा राहा आणि ते मोठ्याने वाच. खालच्या सहीसकट वाच. माझ्याकडे पाहून वाच. मी समोरच बसलेला असेन, शेवटची ओळ होईपर्यंत उठणार नाही.

लेनार्त व्राबेत्स